रणजितच्या डिस्कचा नंबर

ही घटना खरी आहे. ज्याला पटत नसेल त्यानं खुशाल पुढं वाचू नये. मलाही पटत नाही, पण घडली ती माझ्याच समोर.

आधी एक सांगतो. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच भूत, करणी, अंगात येणं, सगळं घराबाहेर काढलं. वडील एसटीत मेकॅनिक होते. घरात कुणी असलं काही बोललं की ते पेपर बाजूला ठेवून त्याला चांगलं झाडायचे. अशा घरातला मी. बारामतीत एमआयडीसीच्या रस्त्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वायर, स्क्रू आणि धूळ यापलीकडं कॉम्प्युटरमध्ये काही नसतं, हे मी रोज बघतो.

आणि हो, ती रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती. सुरुवात झाली मंगळवारी, ६ मे २०२५ ला. दुपारचे बारा वाजायला आले होते. ठिकाण पळसदेव, इंदापूर तालुका, उजनीच्या पाण्याच्या काठावर.

रणजित माझा मित्र. इंदापूरला आयटीआयमध्ये आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं मी दुकान टाकलं आणि तो घरची शेती बघत होडी चालवायला लागला. हिवाळ्यात फ्लेमिंगो बघायला पुण्याहून लोक येतात, त्यांना पाण्यात फिरवायचा. त्यातून त्याला एक नाद लागला. पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करायचे. पहाटे एकटाच होडी घेऊन निघायचा. प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात बोलायचा... तारीख अमुक, वेळ अमुक, ठिकाण पळसदेव, पाणी शांत. मग गप्प. मग नुसते पक्षी.

हे सगळं साठवायला मी त्याला एक जुना कॉम्प्युटर बसवून दिला होता. लिनक्स टाकून. रेकॉर्डिंगची डिस्क वेगळी, बाहेरून जोडायची. ती तो पिशवीत घालून सोबत न्यायचा.

इथं थोडं माझ्या धंद्यातलं सांगावं लागेल. प्रत्येक डिस्कला एक लांबलचक नंबर असतो, आपल्या आधारसारखा. दुसऱ्या कुणाचा तसा नसतो. कॉम्प्युटरमध्ये एक यादी असते, तिच्यात तो नंबर लिहिला की सुरू होताना तो कॉम्प्युटर ती डिस्क शोधतो. नाही सापडली तर दीड मिनिट वाट बघतो. काळ्या पडद्यावर छोट्या लाल चांदण्या इकडून तिकडं सरकत राहतात. तरीही नाही आली तर तिथंच अडून बसतो, पुढं जात नाही. ही यादी मी लिहिली होती. मुद्दाम तशी, म्हणजे रणजितचं रेकॉर्डिंग चुकून भलतीकडं साठायला नको.

१८ जानेवारीला रणजित पहाटे होडी घेऊन गेला. धुकं होतं.

होडी सापडली. रिकामी.

रणजित सापडला नाही. पिशवीही नाही. जाळी टाकली, पाणबुडे आणले, आठ दिवस अख्खा गाव काठावर होता. मीही होतो. नंतर एकेक जण आपापल्या कामाला लागला.

मेच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या वडिलांचा, मानसिंगतात्यांचा फोन आला.

"सुयश, गुरवारी पुतळा करायचा ठरलंय. पर रणजितची आय ऐकंना. म्हणती, एकदा त्याचा आवाज ऐकवा, मग काय करायचं ते करा. त्या काँप्युटरात असंल का रं कुठं?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणूस गेला आणि देह मिळाला नाही, तर त्यांच्यात दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा पुतळा करतात. डोक्याच्या जागी नारळ. त्याला गेलेल्या माणसाचं नाव देतात आणि अग्नी देतात. मग सुतक, दहावा, सगळं रीतसर. तोवर माणूस ना घरचा ना बाहेरचा.

म्हणून मी मंगळवारी मोटारसायकलवर भिगवणमार्गे पळसदेवला गेलो.

शकुकाकू, म्हणजे रणजितची आई, कॉम्प्युटरसमोर आधीच खुर्ची मांडून बसल्या होत्या. चार महिन्यांत अर्ध्या झालेल्या. मी बटण दाबलं.

काळा पडदा. लाल चांदण्या. इकडून तिकडं... तिकडून इकडं...

"काय करतंय ते?" काकूंनी विचारलं.

"डिस्कची वाट बघतंय, काकू."

"कुणाच्या?"

"रणजितच्या."

दीड मिनिट आम्ही तिघं त्या चांदण्या बघत होतो. मग पडद्यावर इंग्रजीत ओळ आली आणि कॉम्प्युटर अडून बसला.

मी आतून शोधलं. कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवर एकही रेकॉर्डिंग नव्हतं. मीच तशी व्यवस्था केली होती ना. माझाच मला राग आला. म्हटलं, आता यादीतली ती ओळ काढून टाकू, निदान यंत्र सुरू तरी होईल, फोटोबिटो असतील ते बघता येतील.

"काय काढतुयास?"

"रणजितच्या डिस्कचा नंबर आहे यादीत. तो काढला की हे वाट बघायचं थांबेल."

काकूंनी माझा हात धरला. जोरात.

"नको. हितं सगळ्यांनी वाट बघायची सोडली. त्यो एक बघतुय, त्येला बघू दे."

तात्या उठून बाहेर गेले. मला काय करावं कळेना. त्या बाईच्या देखत ती ओळ खोडायची माझी हिंमत झाली नाही, खरं सांगतो.

मग मी एक युक्ती केली. आमच्या धंद्यात चालते, शंभरदा केली असेल. खिशात एक कोरा पेनड्राइव्ह होता. त्याला मी रणजितच्या डिस्कचा नंबर दिला. अगदी तोच, अक्षरन् अक्षर. यादीला हात लावला नाही. पेनड्राइव्ह मागं खोचला आणि बटण दाबलं.

या वेळी चांदण्या आल्याच नाहीत. कॉम्प्युटरला त्याची डिस्क मिळाली होती.

रेकॉर्डिंगचा फोल्डर उघडला. अर्थातच रिकामा. काकूंना तो कसा उघडायचा ते दाखवलं, फोटो कुठं आहेत ते दाखवलं, चहा घेतला आणि निघालो. वाटेत मला बरंच वाटत होतं. कुणाचं मन मोडलं नाही, असं.

गुरुवारी पुतळा झाला. मी गेलो नाही, दुकानात काम होतं.

शनिवारी तात्यांचा फोन.

"सुयश, त्या यंत्रात काय घालून ठिवलंयस तू?"

"का? काय झालं?"

"तू ये. फोनवर न्हाय सांगता यायचं."

रविवारी, ११ मेला, मी साडेअकराच्या सुमारास पोचलो. ऊन मरणाचं. अंगणातल्या गोठ्यात शेळ्या ओरडत होत्या. तात्यांनी मला आत घेतलं, दार लोटून कडी लावली. उन्हाळ्यात दुपारी दार बंदच ठेवतात त्यांच्याकडं, झळ येते म्हणून.

तात्यांनी थोडक्यात सांगितलं. गुरुवारी पुरुष माणसं पुतळा घेऊन काठावर गेली. बायका घरात. काकू उठल्या आणि कॉम्प्युटर लावून बसल्या. फोल्डर उघडला तर त्यात एक रेकॉर्डिंग होतं. शुक्रवारी दुसरं. शनिवारी तिसरं.

मी हसलोच. म्हटलं, "तात्या, रेकॉर्डिंगचा प्रोग्राम आपोआप सुरू होतोय. रणजितनं तसा लावला असणार. या खोलीतलाच आवाज भरला जात असेल."

आणि मी माईक काढायला कॉम्प्युटरच्या मागं हात घातला.

माईक नव्हता.

पुढं बघितलं, मागं बघितलं. माईकची जागा रिकामी. कॅमेराही नाही. आवाज आत जायला वाटच नव्हती.

"लाव," काकू म्हणाल्या. "ऐक तू."

पहिलं रेकॉर्डिंग, गुरुवारचं. वेळ अकरा वाजून वीस मिनिटं. तात्या खालच्या आवाजात म्हणाले, त्याच वेळेला पुतळ्याला अग्नी दिला.

सुरुवातीला काहीच नाही. मग... पाणी. काठावर ऐकू येतं तसं नाही. विहिरीत बुडी मारली की कानात जो दबलेला आवाज येतो, तो. दीड मिनिट नुसता तेवढाच.

दुसरं, शुक्रवारचं. पुन्हा सुरुवात रिकामी. मग... चिखल. चिखलातून पाय उपसल्याचा आवाज. एक. बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

तिसरं, शनिवारचं. कोरडी जमीन. लांब हायवेवर ट्रकचा हॉर्न. पावलं. आणि श्वास... लागलेला, धापा टाकणारा.

डोकं मात्र चालू होतं. काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मी तिसरं पुन्हा लावलं. तेव्हा कळलं.

पक्षी नव्हते.

उजनीच्या काठावर सकाळी अकरा वाजता एकही पक्षी नाही, असं होत नाही. टिटवी तरी ओरडतेच. रणजितचं एक रेकॉर्डिंग असं नव्हतं. आणि सुरुवातीची ती रिकामी जागा... ती पाच-सहा सेकंदांची होती. तारीख, वेळ, ठिकाण सांगायला जेवढी लागते तेवढीच.

"त्यो हाय," काकू म्हणाल्या. "बोलत न्हाय. लेकराला दम लागलाय."

"गप बस गं," तात्या म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. मग माझ्याकडं वळले. "सुयश, मला एक सांग. तू त्या दिवशी नेमकं काय केलंस?"

मी सांगितलं. कोरा पेनड्राइव्ह, त्याला रणजितच्या डिस्कचा नंबर, जागेवर बसवला.

"म्हंजी पुतळाच केलास की," तात्या म्हणाले. "आमी पानांचा केला, त्येला त्येचं नाव दिलं आन् लगोलग जाळला. नाव द्याचं आन् जाळायचं, मधी ठिवायचा नसतुय. तू नाव दिलंस... आन् घरात ठिवलास."

मी मोठ्यानं म्हणालो, "असलं काही नसतं, तात्या." वडिलांसारखंच. पण खरंच मी तेच केलं होतं.

"काढ ते," तात्या म्हणाले.

"हात लावायचा न्हाय!" काकू मध्ये आल्या. "रोज जवळ येतुय त्यो. माझं पोर घरला येतंय आन् तुमी काढा म्हणताय?"

मला वाटलं, आता आपण शहाण्यासारखं वागलं पाहिजे. म्हटलं, "काकू, एकदा माझ्यासमोर सुरू करू. काय होतं ते मला बघू द्या." मी कॉम्प्युटर बंद केला आणि पुन्हा लावला.

लगेच सुरू झाला. फोल्डर उघडून ठेवला. तीन फायली.

बघता बघता चौथी आली.

मी कशालाही हात लावला नव्हता. फाइल वाढत होती, आकडा सरकताना दिसत होता. तात्या काहीतरी पुटपुटले. मी त्यांना म्हणालो, "तात्या, बसा तुम्ही." काकू पदर तोंडाला लावून बघत होत्या. बरोबर दीड मिनिटानं आकडा थांबला.

मी लावली.

पावलं. मातीवर. मग शेणानं सारवलेल्या अंगणावर, थपथप, ओली. शेळ्यांचं ओरडणं... आणि एकदम बंद. मग एक माणसाचा आवाज, दबलेला, भिंतीपलीकडून यावा तसा.

"तात्या, बसा तुम्ही."

माझा आवाज होता. बाहेरून ऐकलेला.

मी मान वर केली. अंगणातल्या शेळ्या खरंच गप्प झाल्या होत्या. कधीपासून, ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

रेकॉर्डिंग चालूच होतं. श्वास... श्वास... आणि मग तो बोलला. रणजितच. आवाज फाटलेला, पण त्याचाच, मी बारा वर्षं ऐकलेला.

"तारीख... अकरा मे. वेळ..."

काकूंच्या तोंडून एक हुंदका बाहेर पडला.

"ठिकाण..."

थांबला. श्वास.

"ठिकाण..."

त्याला सांगता येत नव्हतं. आपण कुठं आहोत हे त्याला कळत नव्हतं. फाइल तिथंच संपली.

खोलीत चिखलाचा वास आला. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की तळाचा गाळ उघडा पडतो, त्याचा.

आणि कडी वाजली.

रेकॉर्डिंगमधली नाही. दाराची.

एकदाच. कुणीतरी बाहेरून दार ढकललं आणि आतली कडी हलली, एवढंच. त्यांची कुणीही शेजारीण दुपारी असंच दार ढकलते. पण हाक आली नाही. "हायसा का घरात?" असं कुणी विचारलं नाही.

काकू उठल्या. तात्या जागचे हललेच नाहीत, नुसते खाटेची कड धरून बसले होते. काकू दाराशी गेल्या. कडीवर हात ठेवला.

"रणजित?"

पलीकडं श्वास होता. मी ऐकला. तिघांनीही ऐकला.

काकूंनी वळून माझ्याकडं बघितलं. त्यांचा चेहरा मी विसरू शकत नाही. चार महिन्यांत त्या माउलीला जे हवं होतं ते दाराच्या पलीकडं उभं होतं, आणि त्या भ्यायल्या होत्या.

"सुयश, तू शिकल्याला हायस," त्या म्हणाल्या. "तुझा इस्वास न्हाय असल्यावर. तू सांग. उघडू का?"

आता इथं मी खरं बोलणार आहे. माझा विश्वास नव्हता, तर मी म्हणायला हवं होतं, उघडा, कोणी नाही. मीच पुढं होऊन उघडायला हवं होतं. तो माझा मित्र होता.

मी म्हणालो, "नका उघडू, काकू."

काकूंनी डोळे मिटले. कपाळ दाराला टेकवलं. मग लहान पोराला शाळेत सोडताना बोलावं तशा मऊ आवाजात म्हणाल्या, "जा बाळा. तुझं सगळं झालंय हितलं. आता जा."

आणि मला म्हणाल्या, "काढ."

मी पेनड्राइव्ह उपटला. कॉम्प्युटर बंद केला. बाहेर बराच वेळ काही नाही. मग एक शेळी ओरडली. मग सगळ्या.

तात्यांनी दार उघडलं तेव्हा अंगणात ऊन होतं. दुसरं काही नाही. सारवण कोरडं ठाक.

गुरुवारी जिथं पुतळा जाळला होता, त्याच जागी आम्ही दोघांनी पेनड्राइव्ह जाळला. रॉकेल ओतून, पार कोळसा होईपर्यंत. तात्यांनी आंघोळ केली. मीही केली. आमच्यात करत नाहीत, तरी केली.

दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. मी सकाळी पांढरे कपडे घालून विहारात गेलो होतो. वंदना चालू असताना खिशातला फोन थरथरला. तात्या.

रणजित सापडला होता.

घरापासून दोनशे पावलांवर. पाण्यात नाही. पाणी त्या जागेपासून मार्चमध्येच मागं गेलं होतं. तिथं रोज शेळ्या चरतात, गावातली पोरं क्रिकेट खेळतात. रविवारी संध्याकाळपर्यंत तिथं काही नव्हतं, हे दहा जणांनी सांगितलं. पोलीस म्हणाले, कुत्र्यांनी गाळातून ओढत आणलं असेल. असेल. दवाखान्यात सांगितलं की देह चार महिने पाण्यातच होता. तेही खरंच असणार.

पण मी तिथं गेलो होतो. मी बघितलं. पिशवी खांद्याला तशीच होती. कुत्र्यांनी ओढलेला माणूस तसा पडत नाही. तो चालता चालता पुढं पडावा तसा पालथा होता.

आणि त्याचे पाय घराकडं होते. डोकं पाण्याकडं.

या वेळी खरा अंत्यविधी झाला. दहाव्याला मी गेलो. माणसं पांगल्यावर काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. रडत नव्हत्या.

"सुयश, एक इचारू? खरं सांगशील?"

"विचारा की, काकू."

"त्यो दारातनंच माघारी गेला का रं? मी उघडलं असतं तर आत आला असता का?"

मी म्हणालो, "नाही, काकू. दाराशी कोणी नव्हतं. आपल्याला भास झाला."

"मग तू नका उघडू का म्हणालास?"

याला आता बरेच महिने झाले. त्यांचा अधूनमधून फोन येतो. आधी बायकोची, पोरांची चौकशी करतात, आणि शेवटी तेच विचारतात. मी दुकानात गिऱ्हाईक आलंय असं सांगून फोन ठेवतो.